पालवा बंदरावरचा मुक्काम : वॉटसन, ताज आणि एक पुसले गेलेले नाव

गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात, की धक्का थोडा मागे पडताच कोणीतरी हमखास मागे वळतो, ताजमहाल हॉटेलकडे बोट दाखवतो आणि ती गोष्ट सांगतो. एका गोऱ्या वास्तुविशारदाने हॉटेलचे नकाशे काढले, ते इथल्या माणसांच्या हाती दिले आणि तो विलायतेला निघून गेला. परतून पाहतो, तर इमारत उलटी उभी! तोंड गावाकडे, पाठ समुद्राकडे. ते पाहवले नाही म्हणून त्याने त्याच इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला.

तेवढ्यात दुसरा कोणी आणखी एक गोष्ट पुढे करतो. जमशेटजी टाटा वॉटसन हॉटेलात जेवायला गेले होते, त्यांना 'इथे फक्त युरोपियनांना प्रवेश' असे सांगून दारातून परत पाठवले, आणि त्या अपमानाचे उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधले.

पहिली गोष्ट धादांत खोटी आहे. दुसरीला समकालीन पुराव्याचा आधार नाही. तरीही दोन्ही गोष्टी शंभर वर्षे तग धरून आहेत, आणि त्यांच्या आड मुंबईचा बराचसा खरा इतिहास झाकला गेला आहे : बोटीवरून उतरलेल्या माणसाला या शहरात मुक्कामासाठी कोणते पर्याय होते, ते निवडण्याचा हक्क कोणाला होता, आणि ते उभे करणाऱ्यांची नावे कुठे गेली. आजचा धागा त्याविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम जागेविषयी. ज्याला आपण अपोलो बंदर म्हणतो, त्याचा ग्रीकांच्या सूर्यदेवाशी काही संबंध नाही. स्थानिक लोकांच्या तोंडी त्या जागेचे नाव 'पालवा' होते, इंग्रजांच्या कानांनी त्याचे 'अपोलो' केले. पुढे सरकारने त्याला 'वेलिंग्टन पिअर' असे भारदस्त नाव दिले. ते कागदावरच राहिले. मोठ्या आगबोटी बंदरात दूरवर नांगर टाकत आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्याला येत. आज जिथे गेटवेची कमान आहे, तिथे तेव्हा ती नव्हती, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. गेटवेचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. ताज त्याआधी २१ वर्षे तिथे उभे होते. म्हणजे 'गेटवेसमोर ताज बांधले' हे वाक्यच कालक्रमाला धरून नाही. ताजच्या शेजारी गेटवे बांधला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत चांगले हॉटेल ही वस्तूच दुर्मीळ होती. ओळखीची चिठ्ठी घेऊन कोणा साहेबाच्या बंगल्यावर उतरणे, ही सर्वांत सन्माननीय सोय. ओळख नसेल तर माझगावचे होप हॉल किंवा भायखळ्याचे अॅडेल्फी यांसारखी, जुन्या बंगल्यांतून चालवलेली हॉटेले होती. हिवाळ्यात तर कित्येक युरोपियन कुटुंबे एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या ओव्हल-आझाद मैदानाच्या पट्ट्यात, तंबू ठोकून राहत. तंबू म्हटल्यावर लष्करी राहुटी डोळ्यांसमोर आणू नका. त्यांत गालिचे असत, आरसे असत आणि दाराशी माळीबुवांनी लावलेल्या कुंड्याही असत.

मग एका दशकात शहराचा नूर पालटला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचे तट पाडायला घेतले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर आखले. १८६५ मध्ये युद्ध संपले, सट्टा बुडाला, अनेक शेठ एका रात्रीत कंगाल झाले. पण आखणी राहिली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. विलायतेहून येणाऱ्या प्रत्येकासाठी मुंबई हे आता हिंदुस्थानचे पहिले पाऊल झाले. पाऊल टाकल्यावर रात्री डोके कुठे टेकायचे, हा प्रश्न त्यामुळे एकाएकी मोठा झाला.

त्याचे उत्तर एका कापडवाल्याने दिले. जॉन हडसन वॉटसन हा मुंबईत कापड आणि तयार कपड्यांचे दुकान चालवणारा इंग्रज व्यापारी. तट पडल्यावर एस्प्लनेडवर त्याने भूखंड घेतला आणि त्यावर संपूर्ण ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची पाच मजली इमारत उभारली. रचनाकार होता रोलंड मेसन ऑर्डिश. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छताच्या कामात ज्याचा हात होता, तोच. खांब, तुळया, सज्जांचे कठडे, सारे इंग्लंडमध्ये ओतून, क्रमांक घालून जहाजातून आणले गेले आणि इथे जोडले गेले. एखादे यंत्र सुटे करून आणावे आणि परगावी पुन्हा उभे करावे, तशी ही इमारत आली. १८७० च्या दशकाच्या आरंभी वॉटसनचे 'एस्प्लनेड हॉटेल' सुरू झाले आणि पुढची तीस वर्षे मुंबईत 'कुठे उतरलात?' या प्रश्नाला प्रतिष्ठित उत्तर एकच होते.

जेवणाखाण्याची व्यवस्था मुक्कामाच्या भाड्यातच धरलेली असे. पहाटे अंथरुणातच चहा आणि टोस्ट, तिला 'छोटी हाजरी' म्हणत. नऊ-दहाला भरपेट 'हाजरी', दुपारी टिफिन, आणि रात्री पोशाख करून घ्यावयाचे विलायती पद्धतीचे डिनर. वॉटसनच्या भोजनगृहात वाढायला खास इंग्लंडहून आणलेल्या तरुणी होत्या. त्यावर मुंबईत एक विनोद रूढ झाला होता : वॉटसनने वाढपिणी आणल्या, तशी विलायतेची हवाही आणली असती तर किती बरे झाले असते!

१८९६ च्या जानेवारीत या हॉटेलात एक अमेरिकन पाहुणा उतरला. त्याचे नाव मार्क ट्वेन. आपल्या प्रवासवर्णनात त्याने मुंबईच्या कावळ्यांविषयी मोठ्या खुसखुशीत ओळी लिहिल्या आहेत, त्या सगळे उद्धृत करतात. मात्र त्याच पानांच्या आसपास आणखी एक प्रसंग आहे आणि तो फारसे कोणी सांगत नाही. खोली दाखवायला आलेल्या एका धिप्पाड जर्मनाने काही क्षुल्लक कारणावरून नोकराच्या थोबाडीत दिली. नोकराने मुकाट्याने ते सोसले; चेहऱ्यावर राग नाही, तक्रार नाही. ते पाहताच ट्वेनला एका क्षणात आपले मिसूरीतले बालपण आठवले, गुलामांना अशीच थप्पड बसत असे ते दिवस. पन्नास वर्षे आणि अर्धी पृथ्वी ओलांडून स्मृती तिथे जाऊन थडकली. वॉटसन हॉटेलच्या वैभवाचे वर्णन करणारे कितीतरी मजकूर मी वाचले आहेत, पण त्या हॉटेलाचे आतले रूप मला या एका थपडेत दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

म्हणूनच 'कुत्र्यांना आणि हिंदी लोकांना मज्जाव' अशी पाटी तिथे होती की नव्हती, या वादात फारसे अडकू नये असे मला वाटते. अशा पाटीचा खात्रीलायक पुरावा सापडत नाही. वॉटसनचा रोख युरोपियन गिऱ्हाइकांवर होता आणि हिंदी माणसाला तिथे मोकळेपणाने वावरता येत नसे, एवढे निश्चित. पण तरुण बॅरिस्टर असताना महंमद अली जिना तिथे बिलियर्ड खेळायला जात, असेही सांगितले जाते. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हते; कोणासाठी ते किती उघडायचे, हे मात्र दार ज्याच्या मालकीचे तो ठरवी. अशा व्यवस्थेला पाटीची गरज भासत नाही. भायखळा क्लब आणि यॉट क्लब यांनी तर हिंदी माणसाला सभासदत्वच दिले नव्हते.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या 'सिनेमॅटोग्राफ'चा खेळ झाला. हिंदुस्थानातले हे पहिले चित्रपट प्रदर्शन. थोड्याच दिवसांत तो खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलला आणि सर्वसामान्य मुंबईकरांनी तो पाहिला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी त्यातूनच प्रेरणा घेऊन विलायतेहून कॅमेरा मागवला, ही पुढची कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. रोग ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. पुढची काही वर्षे मुंबईने काय भोगले हे आपल्याला ठाऊक आहे. लोक शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या, परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. या शहरात कोणी स्वखुशीने पाऊल टाकील का, असा प्रश्न होता.

नेमक्या या काळात जमशेटजींनी हॉटेलाचा विचार पक्का केला. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लव्हॅट फ्रेझर त्यांना चांगले ओळखत. फ्रेझर यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे हॉटेलाचा मालक होण्याची जमशेटजींना मुळीच हौस नव्हती. लोकांनी हिंदुस्थानात यावे, आणि त्यानिमित्ताने मुंबई सुधारावी, एवढाच त्यांचा हेतू होता. अपमानाचा सूड ही कल्पना ऐकायला गोड लागते. पण जो माणूस त्याच वेळी पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि जलविद्युत यांची स्वप्ने रचत होता, त्याला हॉटेल हवे होते ते शहराची गरज म्हणून, ही गोष्ट मला अधिक पटणारी आणि अधिक मोठीही वाटते. घरच्यांना मात्र ती पटली नव्हती. बंगळूरला विज्ञान संस्था काढणारा, लोखंडाचा कारखाना काढणारा माणूस आता 'भटारखाना' काढणार, असे म्हणून त्यांच्या बहिणीने नाक मुरडले होते, अशी आठवण टाटा कुटुंबात सांगितली जाते.

आता त्या 'आत्महत्या केलेल्या गोऱ्या वास्तुविशारदा'कडे वळू.

ताजमहाल हॉटेलचे मूळ वास्तुविशारद दोन : रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. यांपैकी वैद्य हे मराठी माणूस. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे ते सहायक होते. १८७८ पासून दहा वर्षे ते स्थानक उभे राहत असताना दगडी घुमट, कमानी, जिने, कोरीवकाम हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर आणि हातांखाली घडले. स्टीव्हन्सचे नाव जगभर झाले. सहायकांची नावे कागदपत्रांत राहिली. ताज हे वैद्यांसाठी स्वतःच्या नावावर उभे राहणारे मोठे काम होते. ताजचा मध्यवर्ती घुमट आणि बोरीबंदरचा घुमट एकामागोमाग एक पाहिले, की त्या दोन इमारतींतले नाते सांगायला इतिहासकाराची गरज लागत नाही.

वैद्यांनी काम पूर्ण झालेले पाहिले नाही. १९०० च्या सुमारास, इमारत अर्धी असताना, त्यांचे निधन झाले. उंचावरून उडी वगैरे काही नाही. त्या काळच्या मुंबईत माणसे जशी आजाराने जात, तसे ते गेले. त्यांच्यानंतर काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने. बांधकामाची जबाबदारी होती खानसाहेब सोराबजी रतनजी या कंत्राटदारांची. हॉटेलातला तो अधांतरी वाटणारा भव्य जिना त्यांच्या कौशल्याचा नमुना मानला जातो.

आणि चेंबर्सचे काय झाले? 'जीव दिलेल्या' या गृहस्थांनी पुढे कित्येक वर्षे मुंबईत व्यवसाय केला आणि १९०९ मध्ये ताजपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आणखी एक हॉटेल उभारले, 'मॅजेस्टिक'. दंतकथेला याहून चांगले उत्तर कोणते असणार?

राहिला प्रश्न इमारत 'उलटी' असल्याचा. ताजचे मूळ प्रवेशद्वार खरोखरच पश्चिमेला, शहराच्या बाजूला होते. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, त्या अंगाला. इमारतीचे दोन पंख त्या बाजूला पसरलेले आहेत आणि गाड्या त्यांच्यामधल्या अंगणात येत. ही चूक नव्हती. घोडागाडीने येणारा पाहुणा शहरातून येणार, त्याला उतरायला ऐसपैस आवार हवे. पूर्वेची, बंदराकडची बाजू ही हॉटेलातली सर्वांत मोलाची बाजू. तिथे घोड्यांची लीद आणि हमालांचा गलका कोणता शहाणा मालक ठेवील? ती बाजू खोल्यांसाठी राखली, म्हणजे पाहुण्याला खिडकीतून गलबते दिसतील आणि खारा वारा मिळेल. पुढे गेटवे झाला, मोटारी आल्या, समुद्राकडचा रस्ता हाच मुख्य रस्ता झाला आणि प्रवेशद्वार त्या बाजूला आले. शहर फिरले, इमारत होती तिथेच आहे.

या दंतकथेतली खरी खोच माझ्या मते वेगळी आहे. तिच्यात चूक करणारे हात हिंदी आहेत आणि कल्पना करणारे डोके गोरे आहे. नकाशे साहेबाचे, घोळ नेटिवांचा. प्रत्यक्षात कल्पना एका मराठी आणि एका पारशी माणसाची होती, बांधणारे हात इथलेच होते, आणि शेवटचा हात फिरवायला साहेब आला. आपण मात्र लाँचमध्ये बसून मोठ्या चवीने उलटे सांगत असतो. उलटे काही बांधले गेले असेल, तर ती ही गोष्ट.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताज सुरू झाले, तेव्हा त्याचे काम पुरे झालेले नव्हते. पहिल्या दिवशी पाहुणे होते १७. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे, तुर्की स्नानगृहे असा सरंजाम होता आणि त्यातले पुष्कळसे सामान जमशेटजींनी युरोपात हिंडून स्वतः पसंत केले होते. ताजचे सुरुवातीचे दर साध्या खोलीला १० रुपये आणि पंखा व जोडस्नानगृह असलेल्या खोलीला १३ रुपये असे सांगितले जातात. हा आकडा वाचून हसू येते खरे, पण त्या काळी परळच्या गिरणीतला मजूर महिनाभर राबून साधारण तेवढेच मिळवत असे. जमशेटजींना आपले हॉटेल भरलेले पाहायला फार दिवस मिळाले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला.

ताजचे दार हिंदी माणसाला खुले होते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. संस्थानिक आले, व्यापारी आले. पुढे सरोजिनी नायडूंचा तर तिथे कायमचा राबता असे. राष्ट्रीय चळवळीतल्या कितीतरी बैठका त्यांच्या तिथल्या दालनात झाल्या. तरीही खुले दार म्हणजे सर्वांना परवडणारे दार नव्हे, आणि सर्वांना रुचणारेही नव्हे. सोवळे पाळणारा, काट्याचमच्याने अवघडणारा, विलायती खान्याला न शिवणारा पुण्या-सातारकडचा सरदार मुंबईला आला तर उतरे कुठे?

त्याच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ 'सरदारगृह' होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही चार मजली वास्तू म्हणजे देशी पाहुण्यांचे ताजच म्हणा. पाटावर बसून वरणभाताचे जेवण, ओळखीचा आचारी, आणि खाली उतरताच बाजार. लोकमान्य टिळकांचा मुंबईतला मुक्काम इथे असे आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच. त्या दिवशी सरदारगृहासमोर लोटलेला जनसागर मुंबईने पूर्वी कधी पाहिला नव्हता. ताजवर पुस्तके निघाली, माहितीपट निघाले. सरदारगृहाच्या पुढून रोज हजारो लोक जातात. वर मान करून पाहणारे थोडे.

आणि ज्याला सरदारगृहही नव्हते, त्याचे काय? इथे क्षणभर मुंबईबाहेर जावे लागते, कारण या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट साक्ष बडोद्याची आहे. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख उघडी पडताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांना सार्वजनिक बागेत झाडाखाली बसावे लागले. तो अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वॉटसनच्या न सापडणाऱ्या पाटीची गोष्ट आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो, कारण तिच्यात अपमान करणारा परका असतो. या प्रसंगाची तितकी आठवण निघत नाही.

आता थोडे मुदपाकखान्यात डोकावू. ताजच्या भोजनगृहातला स्वयंपाक फ्रेंच धाटणीचा, पदार्थांची यादीही फ्रेंचमध्ये. पण चुलीपाशी आणि वाढायला उभी असलेली माणसे मोठ्या संख्येने गोव्याची होती. त्यामागे कारण आहे. हिंदू आचाऱ्याला गोमांस वर्ज्य, मुसलमान खानसाम्याला डुकराचे मांस आणि दारू वर्ज्य. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला यांतले काहीच वर्ज्य नव्हते, शिवाय पोर्तुगीज अमदानीमुळे युरोपीय खाणे आणि युरोपीय सूर दोन्ही परिचयाचे. ही माणसे धोबीतलावच्या 'कूडां'मध्ये राहत. कूड म्हणजे गावागावाने चालवलेली वसतिगृहे. एका मोठ्या खोलीत भिंतीकडेने ट्रंका, भिंतीवर गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी सामूहिक प्रार्थना. बंदरावर पाहुण्यासाठी जी शय्या अंथरली जाई, ती अंथरणारा रात्री इथे चटईवर निजे. यांच्यातलेच मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास, ज्यांना सारे 'मास्की' म्हणत, पोरवयात ताजच्या स्वयंपाकघरात शिरले आणि पुढे तिथले मुख्य आचारी झाले.

वाद्यवृंदाचेही तसेच. १९३० च्या दशकात ताजच्या नृत्यगृहात लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जॅझ चमू वाजवत होता. त्याच काळात खुद्द अमेरिकेतल्या कितीतरी हॉटेलांत या वादकांना पाहुणे म्हणून खोली मिळाली नसती. त्यांच्यापासून शिकले गोव्याचे वादक. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये होता. ट्रम्पेटवाले अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट रात्री ताजमध्ये वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या 'अलबेला'तल्या (१९५१) संगीतात जो उसळता पाश्चात्त्य ठेका आहे, त्यात चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे. मराठी घरांत रेडिओवर ती गाणी ऐकली गेली, तेव्हा पालवा बंदरावरच्या नृत्यगृहाचा नाद नकळत माजघरात पोचला होता.

ताजने इतर रूपेही पाहिली. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचे रुग्णालय होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांच्या उत्पन्नाला मोठी खोट बसली आणि आपल्या भाषेला 'परमिट रूम' हा शब्द मिळाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री काय घडले ते तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या रात्री पाहुण्यांना वाट करून देताना ताजच्या स्वयंपाकघरातली माणसे मारली गेली. ट्वेनने पाहिलेल्या त्या मुक्या नोकराची आठवण मला इथे पुन्हा होते.

बाकीच्या हॉटेलांचे थोडक्यात सांगतो. ताजशेजारचे 'ग्रीन्स' पाडले गेले आणि त्या जागी १९७३ मध्ये ताजची उंच नवी इमारत आली. मॅजेस्टिक सरकारकडे गेले आणि तिथे आमदार निवास झाले. त्याच्या तळमजल्यावरच्या सहकारी भांडारात खरेदी केलेले मुंबईकर कमी नसतील, मात्र आपण चेंबर्सच्या हॉटेलात तूरडाळ घेत आहोत याची त्यांना कल्पना नसे. वॉटसनचे नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले. खोल्यांची वकिलांची कार्यालये आणि बिऱ्हाडे झाली. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या वारसावास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये ती धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली आणि ती पाडावी की वाचवावी हा वाद न्यायालयात गेला.

हे सारे पाहायचे असेल तर एखाद्या रविवारी सकाळी लवकर निघा. सीएसएमटीसमोर उभे राहून आधी घुमट नीट न्याहाळा. तिथून चालत काळा घोड्याला या. वॉटसनचे लोखंडी खांब रस्त्यावरूनही दिसतात. पुढे रीगलपाशी मॅजेस्टिकचे मनोरे. मग ताज. पण गेटवेच्या बाजूला गर्दीत जाऊ नका; मागे, मेरीवेदर रस्त्याच्या अंगाला वळा. पाहुण्यांच्या घोडागाड्या ज्या बाजूने आत येत, ती ही बाजू. इथून मान वर केलीत की रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्यांनी आखलेले, त्यांना पुरे झालेले पाहता न आलेले हॉटेल दिसते.